पास न चालणारी गाडी

बाबांनी स्वतःसाठी पूर्ण पैशांचं रेल्वे तिकीट काढलं तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. नोकरीला लागण्याआधी कधी काढलं असेल तर असेल. त्यानंतर आमच्या घरात ‘तिकीट’ हा शब्द पाहुण्यांसाठी होता. आमचा असायचा पास, रेल्वे कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला मिळणारा. बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी वाढले. मे महिना जवळ आला की आई विचारायची, “पास निघाला का?” मग बाबा एके संध्याकाळी तो कागद घेऊन यायचे. त्यावर आम्हा सगळ्यांची नावं आणि वयं कुणा कारकुनाच्या तिरप्या अक्षरात लिहिलेली असायची. आई तो देवघराच्या फळीवर ठेवायची. आमच्यासाठी तो पगाराइतकाच खरा होता.

बाबा गार्ड होते. आधी बरीच वर्षं मालगाडीवर, मग पॅसेंजर, शेवटी मेल-एक्सप्रेसवर. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. बाबांना तो बदल कळला तेव्हा त्यांनी मान हलवली, पण स्वतःबद्दल बोलताना ते अजून गार्डच म्हणतात.

जानेवारी २०२०ची गोष्ट. संक्रांतीला मी बडोद्याला गेले होते आणि परतताना बाबांना महिनाभरासाठी माझ्याकडे बोरिवलीला आणायचं होतं. त्याच दिवसांत अहमदाबाद-मुंबई तेजस सुरू झाली. १७ जानेवारीला मुख्यमंत्री विजय रूपाणी यांनी अहमदाबादहून तिला झेंडा दाखवला आणि १९ तारखेपासून ती नियमित धावू लागली. लखनौ-दिल्ली तेजस ऑक्टोबर २०१९मध्ये निघाली होती, तिच्यानंतरची या प्रकारची ही दुसरी. वर्तमानपत्रं तिला ‘खासगी गाडी’ म्हणत होती. वेळ सोयीची होती, बोरिवलीला थांबा होता, म्हणून मी मोबाइलवर दोन जागा घेतल्या.

“पासाचा नंबर टाकलास ना?” बाबांनी विचारलं.

“बाबा, या गाडीत पास चालत नाही.”

“बरं, मग ज्येष्ठ नागरिक?”

“तेही नाही.”

बाबा कंजूष नाहीत. पैशांचा प्रश्नच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला लगेच कळलं. ज्या रुळांवर आपण आयुष्य काढलं, त्यावर आपण कोणी नाही असं सांगणारी गाडी निघाली होती. ते उठून आत गेले, पाकिटातून नोटा मोजून आणल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. मी नको नको म्हणत होते. “माझं तिकीट माझ्या पैशांनी,” ते म्हणाले. त्या संध्याकाळी ते फारसं बोलले नाहीत.

रात्री जेवताना मात्र त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“ड्रायव्हर कुणाचा?”

“रेल्वेचा.”

“गार्ड?”

“रेल्वेचाच.”

“डबे?”

“रेल्वेचे. भाड्याने दिलेत.”

“रूळ, सिग्नल, वरची तार, स्टेशन मास्तर, गँगमन?”

मी गप्प बसले.

“मग खासगी काय आहे त्यात?”

उत्तर सोपं होतं. तिकीट विकणं, भाडं ठरवणं, ते तपासणं, खाणंपिणं, स्वच्छता, डब्यातली माणसं, एवढं सगळं आयआरसीटीसी या कंपनीकडे होतं आणि त्या बदल्यात ती रेल्वेला गाडी ओढण्याचं हॉलेज भाडं देत होती. आणि आयआरसीटीसी तरी कुणाची? ऑक्टोबर २०१९मध्ये तिचे शेअर बाजारात आले होते, पण तेव्हा बहुतांश मालकी सरकारचीच होती. म्हणजे रेल्वेच्या घरातल्याच एका मुलाने वेगळी चूल मांडली होती आणि तिला खासगी म्हटलं जात होतं. पण वेगळ्या चुलीचेही नियम वेगळे असतात, हे बाबांना त्या संध्याकाळीच कळलं होतं.

नंतर एकदा मी या मार्गाचा इतिहास वाचत बसले, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. ज्या मार्गावर ही ‘नवी खासगी’ गाडी धावत होती, तो मार्ग बांधलाच होता एका खासगी कंपनीने. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांची बीबीसीआय, १८५५मध्ये स्थापन झाली आणि १८६०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत सुरतेच्या बाजूने दोन्हीकडे रूळ टाकत तिने अहमदाबाद आणि मुंबई जोडली. भांडवल विलायतेतल्या भागधारकांचं होतं, पण त्यांना पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. गाडी चालो न चालो, नफा होवो न होवो, पाच टक्के नक्की. कमी पडलं तर ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या करातून भरलं जायचं. खासगी कंपनी, सार्वजनिक जोखीम. आपल्याकडे रेल्वेची सुरुवातच अशी झाली. पुढे हळूहळू सगळं सरकारकडे आलं आणि ५ नोव्हेंबर १९५१ला पश्चिम रेल्वे झाली. पंढरीच्या वारकऱ्यांना नेणारी बार्शी लाइटसुद्धा कंपनीचीच होती; ती १९५४मध्ये सरकारजमा झाली.

आम्हा बडोदेकरांना तर त्याच काळातली आणखी एक आठवण सांगायला आवडते. खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२मध्ये, डभोई-मियागाम मार्गावर रूळ टाकले गेले आणि त्यावरचे डबे सुरुवातीला बैल ओढत होते. इंजिनं नंतर आली. बाबांना ही गोष्ट फार प्रिय आहे. लहानपणी ती सांगताना ते शेवटी हमखास विचारायचे, “सांगा बघू, त्या गाडीचा गार्ड कुठे बसत असेल?”

तर आम्ही निघालो. सकाळी आठ-सव्वाआठच्या सुमाराला बडोद्याला गाडी आली. बाबा अर्धा तास आधीपासून फलाटावर उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात लीला चिवड्याची पिशवी. गाडी थांबताना त्यांची मान माझ्याकडे नव्हती, मनगटावरच्या घड्याळाकडे होती. “राइट टाइम,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून आलेला तो शब्द मला लहानपणापासून आशीर्वादासारखा वाटत आला आहे.

आत सगळं चकचकीत होतं. दोन एक्झिक्युटिव्ह डबे प्रत्येकी ५६ जागांचे, आठ चेअर कार प्रत्येकी ७८ जागांच्या, म्हणजे एकूण ७३६ माणसं. गणवेशातल्या मुली हसून नमस्कार करत होत्या. एकीने बाबांना “सर, पाणी?” असं विचारलं तेव्हा ते अर्धे उठलेच. वरिष्ठ अधिकारी समोर आल्यावर उठायची सवय. ती मुलगी गोंधळली, मग दोघंही हसले. बाबांनी तिला विचारलं, “बेटा, ड्यूटी किती तासांची?” ती म्हणाली, सकाळी अहमदाबादहून निघायचं, दुपारी मुंबई, आणि त्याच गाडीने रात्री परत. “बसायला मिळतं?” या प्रश्नावर ती फक्त हसली आणि ट्रॉली पुढे घेऊन गेली. बाबा बराच वेळ तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होते.

भरूच गेलं. नर्मदेचा पूल आला तसे त्यांनी सवयीने हात जोडले. त्यांच्या मांडीवर एक छोटी डायरी होती आणि तीत ते स्टेशनांच्या वेळा लिहीत होते. भरूच इतके वाजून इतकी मिनिटं, अंकलेश्वर थ्रू, म्हणजे न थांबता, कोसंबा थ्रू. गार्डला जर्नल भरावं लागतं. गाडी कुठे किती वाजता आली, किती वाजता सुटली, कुठे किती मिनिटं अडली आणि का अडली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाबा कुठल्याही गाडीत बसले की ते जर्नल सुरू होतं.

मी त्यांना या गाडीतली नवी गोष्ट सांगितली. एक तासाहून जास्त उशीर झाला तर प्रत्येक प्रवाशाला १०० रुपये भरपाई, दोन तासांहून जास्त झाला तर २५०.

बाबांचं पेन थांबलं. “उशिराचे पैसे? प्रवाशाला?”

“हो. आदल्याच आठवड्यात झालंय. २२ जानेवारीला भाईंदर-दहिसरच्या पट्ट्यात वरच्या तारेत बिघाड झाला, गाडी तासाहून जास्त अडली, आणि ६३० प्रवाशांना १०० रुपयांप्रमाणे ६३ हजार देय ठरले. लखनौच्या गाडीला ऑक्टोबरमध्ये तीन तासांवर उशीर झाला, तेव्हा साडेनऊशे लोकांची भरपाई १ लाख ६२ हजार झाली होती.”

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, त्यांना ही कल्पना पटली नाही. मग ते बोलू लागले, आणि त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं.

“मी पस्तीस वर्षं उशीर लिहिला,” ते म्हणाले. “प्रत्येक मिनिटाचा हिशेब. इथे चार मिनिटं सिग्नल नाही म्हणून, तिथे अकरा मिनिटं क्रॉसिंगला, तिथे इंजिनात बिघाड. सगळं लिहून ऑफिसात द्यायचं. एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर जाब विचारायचे. आणि तीच गाडी अडलेली असताना एखादी बाई पोराला कडेवर घेऊन खाली उतरून यायची. गार्डसाहेब, गाडी का थांबलीय? मी म्हणायचो, सिग्नल नाही. बस. तेवढंच. ज्याचा वेळ गेला त्याला सांगायची पद्धतच नव्हती गं. हिशेब होता, पण तो त्याच्यासाठी नव्हता.”

मी या प्रवासातून काही एक आणलं असेल तर ते हेच वाक्य. खासगीकरणाच्या बाजूने आणि विरोधात मी त्यानंतर पुष्कळ वाचलं. पण त्या १०० रुपयांकडे बाबांनी जसं पाहिलं, तसं कुणी पाहिलेलं मला दिसलं नाही. रक्कम क्षुल्लक होती, टॅक्सीला पुरली नसती. पण तिच्यामुळे पहिल्यांदा गाडीच्या उशिराचा हिशेब ऑफिसच्या कपाटातून बाहेर येऊन प्रवाशाच्या नावावर लिहिला गेला.

आणि यातली गंमत नव्हे, अडचण बघा. तार तुटली ती रेल्वेची. मार्ग रेल्वेचा, सिग्नल रेल्वेचा. विरारच्या उत्तरेला तर येणारा एक आणि जाणारा एक असे दोनच मार्ग होते, आणि त्यावरूनच राजधानी, शताब्दी, मालगाड्या, मेमू आणि २०१३पासून डहाणूची लोकलसुद्धा. या गर्दीत गाडी चालवणाऱ्या कंपनीच्या हातात वेळ कुठे होता? तिच्या हातात चहा होता, स्वच्छ चादरी नव्हत्या तरी स्वच्छ खुर्च्या होत्या, नम्र माणसं होती. वेळ होता सेक्शन कंट्रोलरच्या, म्हणजे कुठली गाडी आधी सोडायची हे ठरवणाऱ्या रेल्वेच्या माणसाच्या हातात. तरीही पैसे तिने द्यायचे. खासगी गाडीचं भवितव्य काय, असं मला कोणी विचारलं तर मी आधी याच जागी बोट ठेवीन. रूळ ज्याच्या ताब्यात, वेळ त्याच्या ताब्यात, आणि प्रवासी शेवटी वेळच विकत घेतो.

सुरतेच्या अलीकडे एका छोट्या स्टेशनात लूप लाइनवर, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळावर, मालगाडी उभी होती. आमची गाडी तिच्या बाजूने सुसाट निघाली. वाघिणींची रांग संपत आली तसे बाबा एकदम उठले आणि काचेला हात लावून उभे राहिले. शेवटी ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा आला. तिच्या दारात गार्ड हिरवा झेंडा धरून उभा होता. बाबांनी हात हलवला. पण एसी डब्याची काच बंद आणि काळसर, बाहेरून आत काही दिसत नाही. क्षणात ती ब्रेकव्हॅन मागे गेली.

“किती वेळ उभा असेल कोण जाणे,” बाबा खाली बसत म्हणाले. बाबांच्या वेळी त्या ब्रेकव्हॅनमध्ये दिवा नसायचा, पंखा नसायचा, संडास नसायचा. पत्र्याची लाइन बॉक्स, त्यावर पांढऱ्या रंगात नाव, आत झेंडे, हातदिवा, आणि धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळांवर ठेवायचे, ज्यांना सगळे फटाकेच म्हणत ते डिटोनेटर. राजधानी जायची म्हणून लूपला दोन-दोन तास उभं राहायचं. पावसात, जून महिन्याच्या चिखलात, साप-विंचवांच्या सोबतीने. एका गाडीची ‘राइट टाइम’ दुसऱ्या कुणाच्या तरी थांबण्यातून तयार होते, हे बाबांना शिकवावं लागत नाही. माझ्या डोक्यात मात्र ते त्या दिवशी पहिल्यांदा शिरलं. तिकिटावर एक ओळ छापलेली असायची, की रेल्वेला प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त ५७ टक्के भरून मिळतात. उरलेलं बरंचसं याच थांबलेल्या मालगाड्या कमावून देतात. कोळसा, सिमेंट, धान्य, खत.

वापी गेलं, भिलाड, उंबरगाव मागे पडलं आणि आपण महाराष्ट्रात आलो. घोलवडच्या चिकूच्या वाड्या, डहाणू, पालघर, सगळं थ्रू. या गाडीला पालघर जिल्ह्यात एकही थांबा नव्हता. तिथल्या फलाटांवर लोकलची वाट बघणारी माणसं आमच्याकडे बघत होती, मुलं हात हलवत होती. बाबा डायरीत लिहीत होते.

त्या दिवसांत या गाड्यांबद्दल उत्साह मोठा होता. लखनौच्या तेजसने पहिल्याच महिन्यात सुमारे ७० लाखांचा नफा कमावल्याच्या बातम्या होत्या. फेब्रुवारीत वाराणसी-इंदूर काशी महाकाल एक्सप्रेस निघाली. आणि मार्चमध्ये सगळंच थांबलं. ऑक्टोबरमध्ये तेजस पुन्हा निघाली तर प्रवासी मिळेनात. नोव्हेंबर २०२०मध्ये ती बंद झाली, फेब्रुवारीत सुरू, एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ऑगस्ट २०२१मध्ये पुन्हा सुरू. त्या काळात रेल्वेच्या गाड्याही रिकाम्या धावल्या, पण कुणाला तरी गावी पोचवायचं होतं म्हणून काही धावत राहिल्या. नफ्यावर चालणाऱ्या गाडीला ती मुभा नसते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिचा करारच तसा.

खरं मोठं स्वप्न वेगळंच होतं. जुलै २०२०मध्ये रेल्वेने १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्यांसाठी अर्ज मागवले. ३० हजार कोटींची गुंतवणूक, ३५ वर्षांचा करार, ताशी १६० किलोमीटरचा वेग. पंधरा कंपन्यांनी सुरुवातीला रस दाखवला. २०२१मध्ये प्रत्यक्ष बोली उघडल्या तेव्हा बोली लावणारे दोनच होते आणि त्यांतलं एक नाव आयआरसीटीसीचंच. योजना तिथेच बारगळली. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. रूळ दुसऱ्याचे, सिग्नल दुसऱ्याचा, समोर स्पर्धेत उभी असलेली गाडीही त्याच दुसऱ्याची, आणि वाद झाला तर तोडगा काढायला स्वतंत्र नियामक नाही, अशा जागी ३५ वर्षांसाठी पैसे कोण गुंतवेल? बीबीसीआयच्या भागधारकांना पाच टक्क्यांची हमी तरी होती.

मग ३० सप्टेंबर २०२२ला याच मार्गावर गांधीनगर-मुंबई वंदे भारत आली. रेल्वेची स्वतःची गाडी. अहमदाबादपासून मुंबई साडेपाच तासांच्या आसपास, म्हणजे तेजसपेक्षा तासभर लवकर. मी वंदे भारतने गेले आहे, गाडी उत्तम आहे. तेजसही अजून धावते आणि तिचेही प्रवासी आहेत. पण खासगी गाडी आली की सरकारी सुधारेल किंवा मरेल, हे जे दोन्ही बाजूंनी सांगितलं जात होतं, तसं काही झालं नाही.

जे झालं ते मला जास्त लागतं. मार्च २०२०मध्ये, साथीच्या काळात, रेल्वेने सगळ्याच गाड्यांमधली ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली. तोवर पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के सूट होती. साथ गेली, सवलत परत आली नाही. म्हणजे बाबांना जे फक्त एका ‘खासगी’ गाडीत ऐकावं लागलं, ते आता शेजारच्या पेन्शन नसलेल्या काकूंना प्रत्येक गाडीत ऐकावं लागतं. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तेजसची ती उशिराची भरपाईही बंद करण्यात आली. चार वर्षांहून जास्त काळात दोन्ही गाड्या मिळून साधारण २६ लाख रुपये दिले गेले होते. रेल्वेच्या व्यवहारात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. त्या नव्या गाडीतली जी एक गोष्ट देशातल्या प्रत्येक गाडीने घ्यायला हवी होती, ती तिच्यातूनही गेली. जी घ्यायला नको होती, ती सगळीकडे पसरली. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे पुन्हा ‘सिग्नल नाही’ एवढंच.” मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं. १०० रुपये नकोत. पण डहाणूहून रोज पहाटे निघणाऱ्या माणसाला, त्याची गाडी का अडली आणि किती वेळ अडेल, हे सांगायला कोणी तरी बांधील असावं, मग गाडी कुणाचीही असो.

बोरिवलीला आम्ही उतरलो. सामान माझ्याकडे देऊन बाबा उलट्या दिशेने, गाडीच्या शेवटाकडे चालू लागले. “बाबा, बाहेर जायचा पूल इकडे!” मी ओरडले, पण ते थांबले नाहीत. त्या वयात मी त्यांना इतक्या झपाट्याने चालताना पाहिलं नव्हतं. शेवटच्या डब्याच्या दारात तरुण गार्ड झेंडा घेऊन उभा होता. बाबा त्याच्याशी काहीतरी बोलले, खिशातली डायरी काढून त्याला दाखवली. तो हसला, खाली वाकून त्याने बाबांचा हात हातात घेतला. थांबा जेमतेम दोन मिनिटांचा. सिग्नल झाला, शिटी वाजली, त्याने हिरवा झेंडा बाहेर धरला.

गाडी पुढे सरकली तशी बाबांनी आपला उजवा हात आडवा, खांद्याच्या रेषेत धरला. थ्रू जाणाऱ्या गाडीला ‘ऑल राइट’ देताना धरतात तसा, फक्त हातात झेंडा नव्हता. शेवटचा डबा फलाटाबाहेर पडेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही. मग त्यांनी घड्याळात पाहिलं, डायरी उघडली आणि तिथेच उभं राहून वेळ लिहिली.